परक्या जमिनीवरील मुक्त अवजारे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्यांपुढे एक प्रश्न वारंवार उभा केला जातो. ज्या संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, बड्या कंपनीच्या मालकीची आहे, त्यावर लिबरऑफिस किंवा फायरफॉक्स चालविणे ही तत्त्वाशी तडजोड नव्हे काय? काही निष्ठावंतांच्या मते त्यामुळे विंडोजचीच उपयुक्तता वाढते आणि मक्तेदारी अधिक घट्ट होते. हा आक्षेप प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याला इतिहासाच्या आधारे उत्तर दिले पाहिजे.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा या चळवळीजवळ स्वतःची कार्यप्रणाली नव्हती. ईमॅक्स हा संपादक आणि १९८७ मधील जीसीसी हा कंपायलर ही तिची आरंभीची अवजारे मालकीच्या युनिक्स प्रणालींवरच वापरात आली. पुढे १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा रचला, तो याच जीसीसीच्या साहाय्याने. परक्या जमिनीवर घडलेल्या अवजारांनीच स्वतःचे घर बांधले गेले.

समाजवाद्यांना हा मार्ग अपरिचित नाही. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला तो काँग्रेसच्या अंतर्गतच; १९४८ च्या नाशिक अधिवेशनात बाहेर पडण्याचा निर्णय झाला. दुसऱ्याच्या घरातही वेगळेपण जपता येते. मात्र घर सोडण्याची सिद्धता असावी लागते.

अलीकडचे उदाहरण फ्रान्समधील जांदार्मरी या पोलीस दलाचे आहे. या दलाने २००५ मध्ये विंडोज कायम ठेवून कार्यालयीन कामासाठी ओपनऑफिस स्वीकारले. पुढच्या वर्षी फायरफॉक्स आणि थंडरबर्ड आले. कर्मचाऱ्यांच्या हाताला या साधनांची सवय झाल्यानंतर, २००८ साली, कार्यप्रणालीच बदलून लिनक्सवर जाण्याचे ठरले. २०२४ पर्यंत सुमारे एक लाख संगणक मुक्त प्रणालीवर आले होते. हा क्रम महत्त्वाचा आहे. कर्मचाऱ्याचा रोजचा संबंध पत्र लिहिण्याच्या आणि टपाल पाहण्याच्या साधनांशी असतो. ती तीच राहिली, तर खालची जमीन बदलल्याचा धक्का त्याला फारसा जाणवत नाही.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला आणि दहा वर्षांत १४ हजारांहून अधिक संगणक त्यावर आणले. तरीही २०१७ मध्ये तिच्याच सभागृहाने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. ठरावाने आलेली सुधारणा ठरावानेच माघारी गेली. राजकीय निर्धार टिकला नाही, तर तांत्रिक यशही टिकत नाही.

महाराष्ट्रातील संस्थांच्या कार्यालयांनी यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट लेखनाची. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन दिसतो. अशा स्थितीत स्वतःच्याच ठरावांवर आणि इतिवृत्तांवर संस्थेचा ताबा राहत नाही. म्हणून लेखन युनिकोडमध्ये आणि जतन खुल्या स्वरूपात, हे आजच्या विंडोजवरही करता येते. दुसरी गोष्ट चोरट्या प्रतींची. चोरटी प्रत वापरणे म्हणजे कंपनीचा पराभव नव्हे. त्यातून तिच्याच साधनांची सवय पसरते.

तिसरी गोष्ट मुदतीची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबविला आणि पुढील आवृत्तीच्या अटींत न बसणारे असंख्य धडधाकट संगणक एका घोषणेने जुने ठरले. ज्या कार्यालयाने आपली साधने आधीच मुक्त केली आहेत, ते त्याच संगणकावर लिनक्स बसवून काम पुढे चालू ठेवू शकते. ज्याने केली नाहीत, त्याला कंपनी सांगेल ती वाट धरणे सोयीचे वाटेल.

तात्पर्य, परक्या प्रणालीवर मुक्त सॉफ्टवेअर चालविणे ही शरणागती नव्हे. परंतु तो मुक्काम आहे, गंतव्य नव्हे, याचे भान सुटले की तडजोडीचीच सवय होते. पुढचे पाऊल कोणते आणि केव्हा टाकायचे, याचा निर्णय प्रत्येक शाखेने आजच करून ठेवला पाहिजे.