सुईचं टोक

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ साली निघाला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली त्यातली पहिली वस्तू कोणती? सुईचं टोक! ते त्याला बोथट, खडबडीत दिसलं. छापील पूर्णविरामही शाईचा वेडावाकडा डाग निघाला. (आम्ही कवींनी यावर जरा जपूनच बोलावं.)

परवा आमच्या धाकटीनं घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक घरी आणला. मिठाचा कण म्हणजे चौकोनी ठोकळा. कांद्याच्या पापुद्र्यात तर विटांची भिंतच! मग तिनं अम्मीच्या डब्यातली सुई काढली.

या सुईनं अम्मीनं घरातल्या साऱ्या गोधड्या शिवल्या. शेवटी शेवटी म्हणायची, “बेटा, सुई बोथट झालीय, नवी आण.” मी बोटाला टोचून बघायचो आणि म्हणायचो, “चांगली टोचतेय की. तुझेच हात थकलेत.”

भिंगाखाली नवी सुईही गोलसरच दिसली. अम्मीच्या सुईचं टोक मात्र एका बाजूला पार वाकलेलं होतं.

“अब्बा, हिनं कशी शिवायची दादी?” धाकटीनं विचारलं.

मी सुई पुन्हा रिळात खोचून ठेवली.