धुराचं वजन



फिनलंड, ऑस्ट्रिया, रशिया अशा थंड मुलखांत घर उबदार ठेवायला विटांची किंवा दगडाची भलीमोठी शेगडी बांधतात. तिच्यात दिवसातून एकदा-दोनदा सुकं सरपण रचून तास-दोन तास मोठा जाळ करायचा. तप्त वायू आतल्या वळणांतून फिरत धुराड्याकडे जातात, वाटेत विटा तापतात आणि पुढे बारा-चोवीस तास ती ऊब खोलीत पाझरत राहते. स्वीडनमध्ये सरपणाची टंचाई असताना, १७६७च्या सुमारास, कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियान व्रेडे यांनी याच तत्त्वावरची सुधारित शेगडी तयार केली.

अशी शेगडी लाकूड किती चांगलं जाळते, हे ओळखायचं कसं? धुराड्याकडे नुसतं बघून चालत नाही. कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही.

चाचणी सुरू होते वजनकाट्यावर. लाकूड तोलतात, त्यातला ओलावा मोजतात, कारण ओलं लाकूड आपली बरीचशी उष्णता आतलं पाणी उडवण्यातच घालवतं. मग धुराड्यात नळी सोडून तापमान, ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांची सतत नोंद ठेवतात. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. धुराड्यातही तो जवळपास तेवढाच सापडला, तर गरजेपेक्षा फार जास्त हवा आत शिरते आहे आणि कमावलेली उष्णता बाहेर नेते आहे. कार्बन मोनॉक्साइड वाढला, तर हवा कमी पडते आहे, जाळ थंड आहे किंवा हवा आणि ज्वलनशील वायू नीट मिसळत नाहीत.

धूर तर चक्क तोलतात. तो स्वच्छ हवेत मिसळून थंड केला की डांबरट वाफेचे बारीक थेंब होतात. काजळी आणि हे थेंब गाळणीवर अडकतात. गाळणीचं आधीचं आणि नंतरचं वजन घेतलं की हिशेब लागतो. धूर म्हणजे विकत आणलेलं, पण न जळलेलं इंधन.

हा हिशेब मांडायचा कशात, यातच खरी मेख आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ साली लाकडी शेगड्यांसाठी तासाला किती ग्रॅम धूर चालेल याची मर्यादा घातली. विटांची शेगडी तर तास-दोन तास जळते आणि दिवसभर ऊब देते. मग भागायचं किती तासांनी? त्या नियमातून ८०० किलोंहून जड शेगड्या वगळल्या गेल्या. अशा शेगडीसाठी एक किलो लाकडामागे किती ग्रॅम धूर, हेच माप न्याय्य आहे.

शिवाय मोजणी काडी ओढल्यापासूनच सुरू व्हायला हवी. शेगडी गार असताना धूर सर्वांत जास्त निघतो. शेवटी निखारे उरतात तेव्हा धूर विरतो, पण कार्बन मोनॉक्साइड वाढतो. मधलाच तेजस्वी जाळ मोजला, तर कोणतीही शेगडी उत्तम ठरेल. पेटवण्याची पद्धतही नोंदवायला हवी. रचलेल्या लाकडांच्या माथ्यावर ढलप्या ठेवून वरून पेटवलं, की खालून उठणारे वायू ज्वाळेतूनच जातात आणि सुरुवातीचा धूर कमी होतो.

आपल्याकडे चूल किंवा पाण्याचा बंब घेताना ‘धूर होत नाही’ असं कुणी सांगितलं, तर त्याला जरूर विचारा: लाकूड कोणतं होतं, किती सुकं होतं, आणि पेटवतानाचा धूर मोजला होता का? याची उत्तरं मिळाल्याशिवाय त्या दाव्यावर विश्वास ठेवू नका.