द्रव्य उरलेच कसे?



आपण सारे येथे बसलो आहोत, हेच शास्त्रज्ञांना पडलेले एक कोडे आहे. द्रव्याच्या प्रत्येक कणाला जोडीचा प्रतिकण असतो. दोघे भेटले की दोघेही नाहीसे होतात आणि मागे केवळ ऊर्जा उरते. विश्वाच्या आरंभी दोन्ही समसमान निर्माण झाले असतील, तर बाकी शून्य यावयास हवी होती. ती आली नाही. अब्जावधी जोड्या नष्ट होताना दर अब्जामागे द्रव्याचा जेमतेम एखादा कण शिल्लक राहिला. तारे, माती, तुम्ही-आम्ही त्या शिलकीतूनच घडलो.

ही तफावत का पडली? १९६४ साली क्रोनिन व फिच यांना के-मेसॉन कणांच्या वागण्यात असा किंचित भेद सापडला. त्याबद्दल त्यांना १९८० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. म्हणून आता न्यूट्रिनोची तपासणी चालू आहे. हा विद्युतभाररहित कण पृथ्वीतूनही आरपार जातो आणि प्रवासात आपला प्रकार बदलतो. प्रतिन्यूट्रिनो तसेच बदलतो की निराळ्या प्रमाणात, हा खरा प्रश्न.

जपानमध्ये तोकाई येथे प्रोटॉनचा झोत ग्रॅफाइटवर आदळवितात. त्यातून निघालेले पायॉन कण विद्युतचुंबकांनी एका दिशेस वळवितात; ते मोडले की न्यूट्रिनो मिळतात. चुंबकांतील प्रवाह उलटा केला की प्रतिन्यूट्रिनोंचा झोत! त्यासाठी बोगदा खणावा लागत नाही. खडकातूनच २९५ किलोमीटर जाऊन तो कामिओकाच्या डोंगराखालील ५०,००० टन पाण्याच्या टाकीत पोहोचतो. बहुतेक सारे कण टाकीही ओलांडून जातात, म्हणूनच झोत अतिशय प्रबळ लागतो.

२०२० साली निकाल प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षांच्या मोजणीत प्रकार बदललेले न्यूट्रिनो ९० आणि प्रतिन्यूट्रिनो १५ मिळाले. मुलांनो, येथे घाई करू नका. प्रतिन्यूट्रिनो मुळातच कमी सापडतात. भेद नसता तर आकडे सुमारे ६८ व २० आले असते. फरक एवढाच! शेकडो शास्त्रज्ञांच्या श्रमानंतरही त्यांनी याला पुरावा म्हटले नाही, संकेत म्हटले. मला हा संयम शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

“याचा आपल्याला काय उपयोग?” असे पालक विचारतात. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर, वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसे होती. तेव्हा हे काम परक्याचे नाही. आता कामिओकाजवळ अडीच लाख टनांहून मोठी टाकी बांधली जात आहे, तर अमेरिकेत १,३०० किलोमीटर अंतरावर झोत पाठविण्याची तयारी चालू आहे. ९० आणि १५ चे आकडे तेथे हजारांच्या घरात न्यावयाचे आहेत.