सपाट पाट आणि सात नावं
(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



निवृत्तीनंतर काय करतोस, असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. उत्तर एकच आहे : घरी ग्लायडर बांधतो. माणूस बसेल एवढं नव्हे. किटमधून तयार होणारं, मीटरभर पंखांचं, हातानं सोडायचं.

किट म्हणजे एक खोका. त्यात बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या, पट्ट्या, टिश्यू कागद आणि पूर्ण मापाचा नकाशा. बाल्सा मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या एक्वादोरहून येतं. वजनाला सागवानाच्या साधारण चौथा हिस्सा. नकाशा सपाट पाटावर पसरायचा, गोंद चिकटू नये म्हणून वर प्लास्टिकचा कागद घालायचा आणि टाचण्या लावत एकेक फासळी जोडायची. मग रात्रभर हात लावायचा नाही. पाटच वाकडा असेल तर पंखही पिळलेला निघतो. म्हणून या कामातलं पहिलं हत्यार कटर नव्हे, सपाट पाट!

ग्लायडरला इंजिन नसतं, त्यामुळे बांधणीतला दोष झाकला जात नाही. वाऱ्याकडे तोंड करून, नाक किंचित खाली ठेवून ते अलगद सोडायचं. नाक वर काढून धपकन खाली आलं, तर नाकात थोडं वजन घालायचं. सरळ खाली घुसलं, तर वजन कमी करायचं. पंखाला पीळ असेल, तर तो वाफेवर धरून उलटा पिळायचा आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. एका वेळी एकच बदल. राइट बंधूंनीही १९०३ साली इंजिनाचं विमान उडवण्याआधी १९००, १९०१ आणि १९०२ मध्ये ग्लायडर बांधून हेच केलं.

माझ्या मदतीला शेजारची आठवीतली मुलगी येते. आपल्याच शाळेतली. पंखाच्या मागच्या कडेला डोळा लावून ती आता माझ्याआधी पीळ ओळखते. कार्यानुभवाच्या तासाला काय करता, असं विचारलं तर म्हणाली, "आजोबा, त्या खोलीला कुलूप आहे. आत मोडके बाक ठेवलेत."

आज दुपारच्या बैठकीत वर्गणीचं काय करायचं ते ठरणार आहे. शाळेला कमान बांधावी आणि आपल्यातल्या सात दिवंगतांची नावं तिच्यावर कोरावीत, असा प्रस्ताव आहे. त्यामागची भावना माझीही आहे. त्या सातांतला एक माझ्या बाकावर बसायचा. रंधा कसा धरायचा, हे मला सरांच्या आधी त्यानं शिकवलं. त्याचं नाव उंच कमानीवर राहिलं, तर खालून जाणारी मुलं ते वाचतील का?

माझी सूचना अशी : ती खोली उघडूया. चार सपाट टेबलं, थोडी हत्यारं आणि दरवर्षी वीस किट देऊया. सातही नावं तिथल्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांसमोर येतील अशी लिहूया. पण नुसते पैसे देऊन भागणार नाही. दर शनिवारी आपल्यापैकी दोघांनी तिथे हजर राहायला हवं. पहिल्या वर्षाचे सगळे शनिवार मी देतो. सोबत दुसरा कोण येणार, तेवढं बैठकीत सांगा.