पुढच्या रांगेत मधोमध
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आज मी एका खेळाडूबद्दल बोलणार आहे. न्यूझीलंडची फारा पामर. माओरी समाजातली, तिथल्या स्त्रियांच्या रग्बी संघाची माजी कर्णधार.

रग्बी आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलेली नसेल. त्यात आठ जणी समोरच्या आठ जणींना खांद्याने भिडतात, रेटतात, आणि चेंडू मधे टाकला जातो. फाराची जागा पुढच्या रांगेत मधोमध. दोन्ही हात शेजारणींच्या खांद्यांवर आणि पायाने चेंडू मागे ओढायचा. मी नववीत असताना माझी कबड्डी बंद झाली. "मुलीची जात, कुठे लागलं-बिगलं तर?" फाराविषयी वाचताना मला तेच आठवत होतं.

१९९४ च्या विश्वचषकाला आंतरराष्ट्रीय मंडळाची मान्यता नव्हती. न्यूझीलंडच्या बायका गेल्याच नाहीत. १९९६ मध्ये फारा संघात आली. मग १९९८, २००२, २००६, तिन्ही विश्वचषक त्यांनी जिंकले, तिन्ही वेळा कर्णधार तीच. ती ३५ कसोटी सामने खेळली. हार एकच, २००१ मध्ये, इंग्लंडकडून.

आणि पैसे? पुरुषांची रग्बी १९९५ मध्ये व्यावसायिक झाली. पंधरा जणींच्या संघाला पहिले करार मिळाले २०१८ मध्ये! तोवर या विश्वविजेत्या नोकरी सांभाळून सराव करत होत्या. (आपण सभेची वेळ कशी ठरवतो, आठवा.)

खेळता खेळता फाराने ओटागो विद्यापीठात पीएचडी केली. विषय माओरी मुली, खेळ आणि सत्ता. मला हे तीन विश्वचषकांहून मोठं वाटतं. आपल्या मुलींबद्दल दुसरं कुणी लिहील याची तिने वाट पाहिली नाही.

२०१६ मध्ये ती न्यूझीलंड रग्बीच्या संचालक मंडळावर गेली. संस्था १८९२ ची, आणि मंडळावर आलेली ही पहिली बाई. एकटी बाई असणं म्हणजे काय, ते पंचायतीतल्या मैत्रिणींना सांगायला नको. करार पुढच्या दोन वर्षांत झाले. एकट्या तिच्यामुळे झाले असं मी म्हणणार नाही. २०१७ चा विश्वचषकही बायकांनी जिंकला होता.

आपल्याकडे २०१९ मध्ये मनिलाला भारताच्या मुलींनी पंधरांच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, सिंगापूरविरुद्ध. कर्णधार पुण्याची वाहबिझ भरुचा.

आता जेवणानंतर गटात बसू, तेव्हा प्रत्येकीने सांगा: तुमच्या गावच्या मैदानावर संध्याकाळी कोण खेळतं?