संगणक मोडीत काढण्यापूर्वी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या वाट्याला आलेला विषय रूक्ष आहे. मी इतिहास-भूगोलाचा शिक्षक. संगणकाची खोली माझ्याकडे आली ती दुसरे कोणी तयार नव्हते म्हणून. परंतु आज कार्यकारिणीपुढे एक ठराव आहे. शाळेचे चौदाही संगणक जुने झाले, विंडोज १० ची मुदत संपली, तेव्हा ते भंगारात देऊन नवे घ्यावेत, असा तो ठराव. पैसा पालकांच्या वर्गणीचा आहे. म्हणून मत देण्यापूर्वी आपण चार गोष्टी ऐकून घ्याव्यात, एवढीच विनंती.

विंडोज १० ही व्यवस्था मायक्रोसॉफ्ट कंपनीने जुलै २०१५ मध्ये आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा सांभाळ थांबवला. म्हणजे त्या दिवशी संगणक बंद पडले असे नव्हे. ते कालच्यासारखेच चालतात. फक्त व्यवस्थेत सापडणाऱ्या भोकांना कंपनीकडून जी ठिगळे येत असत, ती नेहमीच्या मार्गाने येणे थांबले. ठिगळाची किंमत काय, हे जगाने २०१७ साली पाहिले. त्या वर्षी मार्चमध्ये कंपनीने एका भोकावर ठिगळ दिले होते. ज्यांनी ते लावले नाही त्यांच्यावर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची खंडणीखोर आज्ञावली येऊन आदळली. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. तेव्हा ‘चालतंय ना, मग राहू द्या’ हे आपले नेहमीचे धोरण इथे उपयोगाचे नाही.

मग विंडोज ११ का घालू नये? तिच्या अटी आहेत. निदान चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी साठा, टीपीएम नावाची सुरक्षेची सोय, तीही २.० आवृत्तीची, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. ही आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. त्याआधीची यंत्रे या चाळणीतून खाली पडतात. अटी चुकवून ११ घालण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा यंत्राला पुढची ठिगळे मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. म्हणजे फिरून त्याच जागी.

परंतु इथे एक बाब नीट पाहिली पाहिजे. आपल्याला ज्या दुकानदाराने लेखी दिले की चौदाही यंत्रे निकामी आहेत, त्याने एकही यंत्र उघडून पाहिले नव्हते. आम्ही मायक्रोसॉफ्टचीच ‘पीसी हेल्थ चेक’ ही फुकट मिळणारी आज्ञावली प्रत्येक यंत्रावर चालवली. चौदांपैकी दोन यंत्रे आठव्या पिढीची निघाली. त्यांत टीपीएमची सोय होती, फक्त बायोसमध्ये ती बंद होती. इंटेलच्या यंत्रात हे कलम ‘पीटीटी’ या नावाने असते, हे ठाऊक नसले की माणूस शोधून थकतो. सोय चालू केली, संगणक पुन्हा सुरू केला, काम झाले. खर्च शून्य. दुकानदारावर मी रागावलेलो नाही, त्याला विकायचे आहे. पण घेणाऱ्याने तरी पाहून घ्यावे की नाही?

राहिली बारा. त्यांच्यासाठी मी लिनक्स सुचवतो. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला आणि आज ती कोणालाही विनामूल्य व उजळ माथ्याने वापरता येते. तिचा ‘लिनक्स मिंट’ हा अवतार चार जीबी रॅमवर बरा चालतो आणि त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत ठिगळे मिळणार आहेत. हा काही वेडा प्रयोग नव्हे. केरळच्या सरकारी शाळांतील मुले कित्येक वर्षे याच व्यवस्थेवर शिकत आली आहेत.

घालण्याची रीतही अवघड नाही. मिंटची फाइल तिच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावी, पेन ड्राइव्हवर चढवावी आणि संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. गंमत अशी की काहीही न पुसता ती आधी वापरून बघता येते. वायफाय लागते का, छपाईयंत्र ओळखते का, आवाज येतो का, हे तेव्हाच तपासून घ्यावे. मग जुन्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, मुलांचे फोटो बाहेर काढून ठेवावेत, आणि ते दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावेत. त्यानंतरच ‘डिस्क पुसा’ या कलमाला हात लावावा. त्या कलमापाशी घाई करू नका, हे मी आमच्या नववीच्या मुलांना फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले आहे.

व्यवस्था घातल्यावर खरे काम सुरू होते. मुलांसाठी साधे खाते, शिक्षकासाठी अधिकाराचे वेगळे खाते. घड्याळ बरोबर आहे का ते पाहायचे. जुन्या यंत्रातील रुपयाएवढा सेल संपला की तारीख मागे जाते आणि मग संकेतस्थळे ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. लोक इंटरनेटला दोष देत बसतात!

आणि भाषा. मराठीसाठी इनस्क्रिप्टची कळमांडणी सेटिंगमध्ये जोडावी. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या यंत्रावर भलत्याच चिन्हांच्या दिसतात, त्या आता युनिकोडमध्येच करायच्या. उर्दूचे थोडे वेगळे. कळमांडणी जोडली तरी अक्षर नस्ख वळणाचे उमटते आणि नस्तालीकवर वाढलेले आपले मूल तिथे अडखळते. त्यासाठी ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा फॉन्ट वेगळा घालावा लागतो. तोही फुकट आहे. उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय लिब्रेऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये चालू करावी लागते. ही दोन कामे केल्याशिवाय ‘लिनक्सवर उर्दू नीट येत नाही’ असे कोणी म्हणू नये.

उणीवही सांगतो. कार्यालयाचे हिशेब टॅलीवर आहेत, उर्दू विभागाच्या जुन्या फाइली इनपेजमध्ये आहेत. या दोन्ही आज्ञावल्या विंडोजच्या. म्हणून ती आठव्या पिढीची दोन यंत्रे विंडोज ११ वर नेऊन या कामांना ठेवावीत. कोणी दोनशे रुपयांत ‘तोडलेली’ विंडोज घालून देतो म्हणेल, त्याला दारातूनच परत पाठवावे. ती चालू करताना व्हायरसविरोधी पहारा आधी बंद करायला सांगतात, यातच सगळे आले.

तेव्हा माझी सूचना अशी, की ठराव एका महिन्यापुरता पुढे ढकलावा आणि तूर्त बारा यंत्रांसाठी फक्त एसएसडी घेण्यास मंजुरी द्यावी. जुनी फिरती डिस्क काढून ती बसवली की यंत्र किती लवकर उठते, हे आम्ही एका यंत्रावर करून ठेवले आहे. भाषणे संपल्यावर संगणकाची खोली उघडी राहील. सभासदांनी आणि पालकांनी स्वतः बसून पाहावे. नववीची दोन मुले तिथे आहेत. अवघड प्रश्न त्यांना विचारावेत, मला नव्हे.