घर नातवाकडे गेलं

 

नाथमहाराज आपल्या जिल्ह्याचे, पैठणचे. आईबापाचं छत्र लहानपणीच गेलं. आजोबा चक्रपाणि आणि आजी, या दोघांनी लेकरू वाढवलं. आणि एक दिवस ते लेकरू कोणाला न सांगता देवगिरीला, जनार्दनस्वामींकडे निघून गेलं. देवगिरी म्हणजे दौलताबाद. आपण कन्नडहून संभाजीनगरला जातो तेव्हा वेरूळच्या पुढे लागतो, तोच किल्ला. तेव्हा फोन नाही, एस.टी. नाही. म्हाताऱ्या जिवांचं काय झालं असेल!

पुढची कथा अशी सांगतात. पत्ता लागला, आजोबा स्वामींना भेटले. स्वामींनी नाथांच्या नावानं पत्र दिलं, की हे पत्र मिळेल तिथंच राहा, संसार कर. तीर्थयात्रा करून नाथ पैठणला आले, पण घरी गेले नाहीत. गावाबाहेर देवळात उतरले. आजोबांनी तिथं गाठून पत्र दाखवलं. नाथ तिथंच थांबले. मग आजीआजोबांनी “आधी घरी चल” असा हट्ट धरला का? नाही. त्याच जागी निवारा उभा केला. नातू घराकडे आला नाही महाराज, घर नातवाकडे गेलं!

आता आपलं बघा. मुलगा पुण्याला, कोणाचा अमेरिकेला. नातू दिवाळीला येतो, चार दिवस. आजी चारही दिवस चुलीपुढं, आजोबा कापसाच्या मापात. पाचव्या दिवशी लेकरू गाडीत बसतं आणि आजी पदर डोळ्याला लावते. डबे भरून दिले, पण भेट झालीच नाही!

म्हणून सांगतो, एक पदार्थ कमी करा, पण लेकराला पोळपाटाजवळ बसवा. पीठ सांडलं तर सांडू द्या. शिवना नदीवर न्या, रानात न्या. त्याच्या हातातला मोबाइल हिसकू नका, शेजारी बसा आणि म्हणा, “बाळा, हा खेळ मला शिकव.” घर नातवाकडे नेणं ते हेच, बरं का!

आणि त्या चार दिवसांत सुनेचं गाऱ्हाणं नको, वाटणीचा विषय नको. आपल्याला वाटतं लेकरू खेळतंय. ते सगळं ऐकतं. पुढच्या सुट्टीला तेच म्हणतं, मला नाही जायचं गावाला. मग बसा वाट बघत!

निरोपाच्या वेळी “आता मेल्यावरच या” असं बोलू नका. वारकरी पंढरी सोडताना तसं म्हणतो का? आषाढीहून निघाला की त्याचं ध्यान कार्तिकीकडं. भेट घटकाभराची, पण नेम वर्षाचा. तुम्हीही नेम धरा. दर एकादशीला, ठरल्या वेळी फोन करा. “का आला नाहीस” विचारू नका. “आज काय केलंस” विचारा. आणि गुडघे चालतात तोवर एखादी वारी नातवाच्या गावाचीही करा. तो येईना, तर आपण जावं. आपला विठ्ठल तरी काय, भक्तासाठी वैकुंठ सोडून विटेवर आला ना!

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!